आकड्यांच्या डोक्यावरची ओळ



स्मरणिकेसाठी लेख मागायला संपादक मंडळातल्या वहिनींचा फोन आला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे टाळाटाळ केली. म्हटलं, "वहिनी, मी आयटीतला माणूस. दिवसभर फायली इकडून तिकडे करतो. त्यावर काय लिहिणार?" त्या म्हणाल्या, "मग फायलींवरच लिहा. फक्त आमच्या आईंना समजेल असं लिहा." आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. दर उन्हाळ्यात त्या भारतातून इथे येतात आणि आपली स्मरणिका पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून काढतात. तेव्हा हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. आयटीतल्या मंडळींनी सांभाळून घ्यावं.

आधी माझ्या फजितीची गोष्ट. २००४ साली मी मास्टर्ससाठी जर्मनीत आलो आणि शिक्षण संपल्यावर इथेच नोकरीला लागलो. पहिलंच काम अगदी साधं होतं. एका ग्राहकाच्या गोदामातून रोज रात्री एक फाइल यायची. कुठल्या शाखेतून कुठला माल किती गेला, याची ती यादी. ती वाचून डेटाबेसमध्ये भरायची. फाइलमध्ये वरच्या चार ओळी माहितीच्या होत्या. पहिलीत गोदामाचं नाव, दुसरीत तारीख, तिसरी ओळ रिकामी आणि चौथीत रकान्यांची नावं. पाचव्या ओळीपासून खरे आकडे सुरू. मी प्रोग्रॅमला सांगून टाकलं, "पहिल्या चार ओळी सोड आणि पुढचं वाच." काम झालं, शाबासकी मिळाली.

काही महिन्यांनी वर्षअखेरीची मालमोजणी झाली आणि एका शाखेचा हिशेब काही केल्या जुळेना. शोधता शोधता कळलं, की पलीकडच्या कुणीतरी मधेच कधीतरी ती रिकामी ओळ काढून टाकली होती. "ही कशाला हवी?" असं त्याला वाटलं असणार. झालं! रकान्यांची नावं आता तिसऱ्या ओळीत आली आणि माझा प्रोग्रॅम रोज रात्री इमानेइतबारे चौथी ओळ, म्हणजे पहिली खरी नोंद, गिळत राहिला. यादी शाखेच्या क्रमांकाने लावलेली असल्यामुळे पहिल्या क्रमांकाच्या शाखेची एक नोंद रोज गायब. ना एरर, ना तक्रार. संगणक चुकला की ओरडतो असं आपण समजतो, पण खरी मोठी चूक तो अगदी मुकाट्याने करतो.

माझे वरिष्ठ सहकारी निवृत्तीला आलेले जर्मन गृहस्थ होते. ते रागावले नाहीत. त्यांनी फाइल उघडली, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही कॉप्फत्साइले. ही वगळायची नसते, वाचायची असते." कॉप्फ म्हणजे डोकं, त्साइले म्हणजे ओळ. डोक्यावरची ओळ. आपल्या भाषेत मथळा. ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. त्याचा माग काढत मी कुठून कुठे गेलो, ते आता सांगतो.

भाजणी आणि सीएसव्ही

माझ्या आईच्या पाककृतींच्या वहीत एका पानावर नुसतं लिहिलंय, "चकली : ४, २, १." घरातल्या कुणालाही कळेल, तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक. पण माझ्या इथे जन्मलेल्या मुलीने ते पान उघडलं, तर तिला हे टेलिफोन नंबरचे आकडेही वाटू शकतील! आकडे तेच आहेत. हरवलंय ते त्यांच्या डोक्यावरचं "तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, वाट्या" हे लेबल. आणि वाटी तरी कुठली? आमटीची की श्रीखंडाची?

संगणकातल्या साध्यातल्या साध्या फायली अशाच असतात. एका ओळीत एक नोंद आणि दोन आकड्यांच्या मध्ये एक खूण, बहुधा स्वल्पविराम. म्हणून त्यांना 'कॉमा सेपरेटेड व्हॅल्यूज', थोडक्यात सीएसव्ही म्हणतात. त्याआधी पंचकार्डांचा जमाना होता. ८० रकान्यांचं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यात भोकं. कुठल्या रकान्यात काय आहे हे कार्डावर लिहिलेलं नसायचं, ते वेगळ्या कागदावर असायचं. कागद हरवला की कार्डं म्हणजे नुसती भोकं! १९७२ साली आयबीएमच्या फोर्ट्रान कंपायलरने स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे वाचायची सोय दिली, म्हणजे रकाने मोजत बसायची गरज उरली नाही. १९८३ पर्यंत सुपरकॅल्कसारख्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममुळे सीएसव्ही हे नावही रुळलं होतं. पण गंमत अशी, की इतक्या वापरातल्या या प्रकाराचे नियम कागदावर आले ते थेट ऑक्टोबर २००५ मध्ये, 'आरएफसी ४१८०' या दस्तऐवजात. त्यातही मथळ्याची ओळ ऐच्छिक ठेवली आहे. असली तर असली, नसली तर नसली. म्हणजे फाइल हातात आल्यावर पहिली ओळ मथळा आहे की पहिली नोंद, हे नुसत्या फाइलवरून खात्रीने सांगता येत नाही.

मग प्रोग्रॅम अंदाज बांधतात. 'आर' या भाषेतली साधी तक्ता वाचणारी आज्ञा पहिल्या ओळीत बाकीच्यांपेक्षा एक शब्द कमी दिसला, तर तिला मथळा समजते. पायथनमधलं 'पांडाज' तुम्ही काही सांगितलं नाही, तर पहिली ओळ मथळाच आहे असं धरून चालतं. मॅटलॅब मथळ्याच्या ओळी किती हे आपणच ताडून बघतं. प्रत्येकाचा अंदाज वेगळा आणि प्रत्येकजण अधूनमधून चुकतो.

जर्मनीत याला आणखी एक फोडणी आहे. इथे दशांश चिन्ह म्हणजे टिंब नव्हे, स्वल्पविराम! दीड म्हणजे १,५. आणि टिंब हजारांसाठी, म्हणजे १.२५० हे सव्वा नव्हे, साडेबाराशे. शाळेत मुलं गुणाकारालाही टिंबच वापरतात, हे गृहपाठ घेणाऱ्या आईबाबांना ठाऊक आहेच. गुणाकाराची फुली एक्स या अक्षरासारखी दिसते म्हणून टिंब वापरावं, असं लाइब्निझने १६९८ साली योहान बेर्नुलीला पत्रात लिहिलं होतं. आता आकड्याच्या पोटातच स्वल्पविराम असेल, तर दोन आकडे तोडायला तोच कसा वापरणार? म्हणून जर्मन एक्सेल सीएसव्ही फायलींत अर्धविराम घालतं. नाव 'कॉमा सेपरेटेड' आणि आत कॉमा फक्त दशांशाचा! 'आर' भाषेत अशा फायलींसाठी 'रीड-सीएसव्ही-टू' नावाची वेगळी आज्ञाच आहे. आणि भारतातून आलेल्या फाइलमधलं १.५ जर्मन एक्सेलमध्ये उघडलं, की त्याचं '१ मे' होतं. आमच्या ऑफिसात भारतातल्या टीमचे कितीतरी आकडे असे कामगार दिनाला जाऊन बसले आहेत.

डोंगरावरचे साधू

असो. मुद्दा मथळ्याचा. मला प्रश्न पडला, की आकडे दुसऱ्याला पाठवताना वर काय लिहावं हे सगळ्यांनी मिळून ठरवावं, असं पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? व्यापाऱ्यांच्या वह्यांत, देवळांच्या हिशेबांत रकाने फार पूर्वीपासून होते, पण ते आपापल्या घरापुरते. अनोळखी माणसांनी, वेगवेगळ्या देशांत बसून, एकाच नमुन्याचा तक्ता भरायचा ही गोष्ट वेगळी. त्याचं एक उत्तम उदाहरण आपल्या अगदी जवळ निघालं.

म्युनिकच्या नैर्ऋत्येला होहेनपाइसेनबेर्ग नावाचा जेमतेम हजार मीटर उंचीचा डोंगर आहे. वर यात्रेचं चर्च आहे आणि स्वच्छ दिवशी समोर आल्प्सची रांग दिसते. आपल्यापैकी बरेच जण तिथे गेले असतील. तिथली वेधशाळा ही जगातली सर्वांत जुनी पर्वतावरची हवामान-वेधशाळा समजली जाते. तिथल्या नियमित नोंदी सुरू झाल्या १ जानेवारी १७८१ रोजी. आपल्याकडे तेव्हा सवाई माधवराव पेशवे होते आणि नाना फडणवीस कारभार बघत होते! नोंदी घ्यायचे जवळच्या रोटेनबुख मठातले साधू.

पण त्यांना हे काम सांगितलं कुणी? कार्ल थिओडोर नावाच्या राजाने १७८० साली मानहाइमला एक हवामान-संस्था स्थापन केली, 'सोसिएटास मेटिओरोलोगिका पालाटिना'. तिचा चिटणीस योहान याकोब हेमर हा राजाच्या दरबारातला पाद्री आणि भौतिकशास्त्राचा अभ्यासक. या हेमरने फार शहाणपणाची गोष्ट केली. त्याने नुसतं "तापमान कळवा" असं पत्र पाठवलं नाही. ठिकठिकाणच्या निरीक्षकांना त्याने एकसारखी उपकरणं फुकट पाठवली, सूचना पाठवल्या आणि नोंदींचा नमुना पाठवला. कुठल्या रकान्यात काय, कुठल्या एककात, कुठल्या खुणेचा अर्थ पाऊस आणि कुठल्या खुणेचा बर्फ, सगळं ठरवून. वेळाही ठरलेल्या : सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९. या वेळा पुढे 'मानहाइमचे तास' म्हणूनच ओळखल्या गेल्या. जाळं केवढं? अमेरिकेतल्या केंब्रिजपासून रशियात उरल पर्वतापर्यंत ३९ ठिकाणं. १७८१ ते १७९२ या बारा वर्षांच्या नोंदी त्यांनी लॅटिनमध्ये छापल्या. पुढे हेमर वारला, फ्रेंचांशी लढाया सुरू झाल्या आणि संस्था बुडाली. पण डोंगरावरच्या नोंदींचं काम मागे राहिलं आणि पुढे चालू राहिलं.

त्या वेळच्या तक्त्यात तापमान रेओम्यूर मापात लिहायचे. त्यात पाणी ८० अंशांना उकळतं. म्हणजे तक्त्यात २० दिसलं तर ते आपलं २५ सेल्सियस. मथळा न वाचता कुणी ते आकडे जसेच्या तसे उचलले, तर बव्हेरियातले उन्हाळे दोनशे वर्षांपूर्वी फारच थंड होते, असा 'शोध' सहज लागेल!

गटिंगेनची वेळ आणि कुलाब्याचा दांडा

आता ही गोष्ट मुंबईला कशी पोचली ते ऐका. त्यासाठी आधी गटिंगेनला जावं लागेल. तिथे १८३० च्या दशकात कार्ल फ्रीडरिश गाउस आणि विल्हेल्म वेबर ही जोडी पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मागे लागली होती. होकायंत्राची सुई स्थिर दिसली तरी दिवसभर बारीक बारीक हलत असते. ती हालचाल स्थानिक आहे की साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होते, हे कळायला ठिकठिकाणी एकाच क्षणी नोंद व्हायला हवी. म्हणून त्यांनी 'माग्नेटिशर फेराइन', म्हणजे चुंबकीय मंडळ काढलं. (जर्मनीत दोन माणसं एकत्र आली की तिसरा फेराइन निघतो. आपणही तेच केलं की!) ठरलेल्या दिवशी, चोवीस तास, दर पाच मिनिटांनी सगळ्यांनी सुई बघायची. आणि घड्याळ? आपापल्या गावचं नव्हे, सगळ्यांनी गटिंगेनची वेळ धरायची. ग्रिनिचची वेळ जगाने मान्य करायला तेव्हा अजून जवळजवळ पन्नास वर्षं होती.

अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने १८३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून इंग्रजांनाही यात ओढलं. इंग्रजांचं राज्य जगभर, म्हणून वेधशाळाही जगभर उभ्या राहिल्या. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई इथली जबाबदारी घेतली. मुंबईत कुलाब्याच्या दांड्यावर कंपनीची वेधशाळा १८२६ पासून होतीच. १८४० च्या सुमारास तिथे चुंबकत्व आणि हवामानाच्या नोंदींची व्यवस्था झाली, एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लीबार यांच्या देखरेखीखाली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचं काम पाहिलं.

आणि ऑर्लीबार साहेबांच्या हाताखाली सहायक म्हणून पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा लागला, दरमहा ५० रुपये पगारावर. त्याचं नाव केरो लक्ष्मण छत्रे. हेच आपले केरूनाना छत्रे, पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू. सुमारे दहा वर्षं त्यांनी तिथे काम केलं.

या साऱ्या योजनेचा दंडक होता, की नोंदी गटिंगेनच्या वेळेप्रमाणे व्हाव्यात. मुंबई गटिंगेनच्या पूर्वेला, स्थानिक वेळेने सुमारे ४ तास ११ मिनिटं पुढे. म्हणजे गटिंगेनच्या मध्यरात्रीची नोंद घ्यायला कुलाब्याच्या दांड्यावर पहाटे चार वाजून अकरा मिनिटांनी जागं राहायचं! आपण घरी फोन करताना "भारतात आत्ता किती वाजले असतील?" म्हणून साडेतीन-साडेचार तास मोजतो ना, तेच गणित पावणेदोनशे वर्षांहून आधी मुंबईत उलट्या बाजूने चाललं होतं. हे कळलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं. जर्मनी आणि महाराष्ट्राचं नातं आपल्या व्हिसांपासून सुरू झालेलं नाही.

पण प्रोग्रॅमर म्हणून मी थबकलो तो दुसऱ्याच गोष्टीवर. अशा तक्त्यावर 'गटिंगेनची मध्यम वेळ' हे शब्द डोक्यावर नसतील, तर काय होईल? वाचणारा ती वेळ मुंबईची समजेल. तापमान पहाटेऐवजी मध्यरात्रीचं होईल, दुपारचा उकाडा सकाळी सरकेल. एकही आकडा चुकीचा नाही आणि सगळे निष्कर्ष चुकीचे. रात्र रात्र जागणाऱ्या माणसांची मेहनत त्या एका ओळीवर टांगलेली!

केरूनाना पुढे आयुष्यभर कोष्टकांतच रमले. 'ग्रहसाधनाची कोष्टकें' हा त्यांचा ग्रंथ १८६० साली छापला गेला. पंचांग प्रत्यक्ष आकाशाशी जुळावं हा त्यांचा ध्यास होता. आणि पंचांग म्हणजे तरी काय? मंडळी, ती आपल्या घरातली सर्वांत जुनी रकान्यांची फाइल! तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, आणि वर मथळा : शक कुठला, संवत्सर कुठलं, वेळा कुठल्या गावच्या. परदेशात आल्यावर संकष्टीला आपली गडबड होते ती याच मथळ्यामुळे. भिंतीवरच्या कालनिर्णयात चंद्रोदय मुंबईचा असतो. तिथी संपण्याचा क्षण साऱ्या जगाला एकच, तो घड्याळातला फरक वजा करून चालतो. पण चंद्रोदय आपल्या गावावर अवलंबून असतो, त्याला वजाबाकी चालत नाही. आमच्या घरी पहिल्या वर्षी बायकोने वजाबाकी करून नैवेद्य तयार ठेवला आणि चंद्र काही केल्या येईना. उपास मात्र लांबला!

ट्राम येण्याआधी

कुलाब्याची गोष्ट इथेच संपत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. वीज आली की चुंबकाची सुई बिथरणार. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी चुंबकीय नोंदींसाठी अलिबागची जागा निवडली. केरूनानांचं जन्मगाव नागाव तिथून हाकेच्या अंतरावर आहे, हा योगायोग. पण मूससाहेबांचं खरं शहाणपण पुढे आहे. त्यांनी एक वेधशाळा बंद करून दुसरी सुरू केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे दोन ठिकाणच्या आकड्यांत नेमका किती फरक पडतो हे कळलं आणि जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता आली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर जोडकाम पुरं झालं होतं. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

जागा बदलली, उपकरण बदललं, एकक बदललं, तर ते लिहून ठेवायचं आणि जुन्या-नव्याचा दुवा जोडून द्यायचा. मथळा म्हणजे नुसती नावं नव्हेत, तर "हे आकडे कसे जमवले" याची कबुली.

जर्मन हवामान खात्याने हे फार छान सांभाळलं आहे. २०१७ साली कायदा बदलला आणि त्यांच्या नोंदी सर्वांना फुकट खुल्या झाल्या. एका रविवारी मी मुलीला शेजारी बसवून होहेनपाइसेनबेर्गची फाइल उतरवली. रकाने अर्धविरामाने तोडलेले, दशांश चिन्ह मात्र टिंब. पहिली ओळ मथळ्याची : स्थानक क्रमांक, तारीख, पाऊस, सरासरी तापमान, कमाल, किमान, सगळी जर्मन संक्षेपात. आणि तिच्याखालच्या पहिल्याच ओळीत तारीख, १ जानेवारी १७८१. मुलगी म्हणाली, "बाबा, हे टायपो आहे का?" म्हटलं, नाही गं बाळा. त्या डोंगरावर एक साधू खरोखरच थंडीत कुडकुडत थर्मामीटर बघायला गेला होता, त्याची ही ओळ.

त्या फायलींत जिथे नोंद नाही तिथे -९९९ लिहिलेलं असतं. न वाचता सरासरी काढलीत, तर बव्हेरियात उणे नऊशे नव्व्याण्णव अंश थंडी पडते. निसर्गात उणे २७३ च्या खाली काही जातच नाही! फाइलसोबत आणखी छोट्या फायली येतात : उपकरण कधी बदललं, जागा कधी हलली याच्या. आणि मानहाइमचे तास? जर्मनीत दिवसाची सरासरी त्या तीन वेळांच्या वाचनांवरून, रात्रीचं वाचन दोनदा धरून, चाराने भागून काढायची पद्धत २००१ च्या मार्चअखेरपर्यंत चालली. १ एप्रिल २००१ पासून चोवीस तासांच्या वाचनांवरून काढतात. हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. हेमरने ठरवलेल्या वेळा सव्वादोनशे वर्षं पुरल्या.

अण्णांची वही

आता हे सगळं मला लिहावंसं का वाटलं, ते सांगतो.

माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कोकणात तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक होतं आणि रोज सकाळी पाऊस मोजायचं काम अण्णांकडे. सरकारी रजिस्टरात लिहून झालं, की तोच आकडा ते स्वतःच्या वहीतही उतरवायचे. हौस म्हणा किंवा सवय. १९४९ पासून १९७१ पर्यंतच्या पावसाळ्यांची ती वही बाबांच्या मागे माझ्याकडे आली. कसरीने कडा खाल्लेल्या, पहिलं पान गेलेलं. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी ती टाइप करायला घेतली. म्हटलं, अण्णांच्या पावसाचा एक आलेख काढू.

सुरुवातीची पानं सोपी होती. "४-३५" म्हणजे चार इंच पस्तीस सेंट. तेव्हा इंचाचे शंभर सेंट धरून पाऊस मोजायचे. शेवटची पानंही सोपी. "११०.५" म्हणजे मिलिमीटर, कारण इतके इंच पाऊस एका दिवसात कुठेच पडत नाही. अडलं ते मधल्या वर्षांत. तिथे अण्णांनी रेघेऐवजी टिंब द्यायला सुरुवात केली होती. "१.१०" म्हणजे काय? एक इंच दहा सेंट, म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर, चांगला पाऊस? की नुसता एक मिलिमीटर, अंगणही न भिजवणारा? दोन्हींत पंचवीस पट फरक. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण मापं बदलायला पुढे बरीच वर्षं लागली. अण्णांच्या कचेरीत ती कधी बदलली हे सांगणारं पहिलं पान कसर खाऊन बसली होती. अण्णा नाहीत, बाबाही नाहीत.

शेवटी रत्नागिरीला आत्याला फोन केला. म्हटलं, "आत्या, अण्णांचं पावसाचं माप इंचाचं मिलिमीटर कधी झालं, काही आठवतंय का गं?"

ती हसायलाच लागली. "मला रे काय कळतंय त्यातलं! पण थांब. नवी काचेची नळी आली तेव्हा जुनी अण्णांनी घरी आणलेली, तेवढं आठवतंय. ती तुझ्या बापसाने फोडलीन आणि मार खाल्लान. चांगला सातवीत होता, तरी रडला."

बाबांचा जन्म १९४७ चा. सातवी म्हणजे १९६०, फार तर त्याच्या आगेमागे एखादं वर्ष. वही उघडली. १९६० च्या जुलैपर्यंत आकडे लहान, ऑगस्टच्या मध्यापासून एकदम मोठे. बाबांच्या त्या माराने माझ्या फाइलचा मथळा मला परत मिळवून दिला! तो मधला पंधरवडा अजून संशयाचाच आहे. तिथे मी एक जादा रकाना घालून 'शंका' असं लिहिलं आहे.

त्या फाइलच्या डोक्यावर आता पाच ओळी आहेत. वहीचा मालक कोण, गाव कुठलं, मोजायची वेळ सकाळची, १९६० च्या ऑगस्टपर्यंत इंच आणि सेंट, त्यानंतर मिलिमीटर, आणि ही माहिती आत्याने फोनवर दिली. सहाव्या ओळीत रकान्यांची नावं, मराठीत. त्या वाचायला माझा प्रोग्रॅम आता ओळी मोजत नाही. 'तारीख' हा शब्द शोधतो आणि तो सापडला नाही, तर काम थांबवून मला हाक मारतो. जर्मन सहकाऱ्यांनी शिकवलेलं मी वीस वर्षांनी का होईना, पाळलं.

मंडळी, आपण सगळे घरापासून लांब राहणारे. आपल्या प्रत्येकाच्या कपाटात अशी एखादी वही असते. आईच्या पाककृतींची, वडिलांच्या हिशेबांची, आजीच्या ओव्यांची, फोटोंचा अल्बम. त्यातलं सगळं आपल्याला कळतं, कारण मथळा आपल्या डोक्यात आहे. आपल्या मुलांच्या डोक्यात तो नाही. या सुट्टीत भारतात जाल तेव्हा आत्याला, मावशीला, काकांना एकदा विचारा, वाटी कुठली, वर्ष कुठलं, हा फोटोत डावीकडे उभा असलेला कोण. आणि वरच्या कोऱ्या जागेत लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. ते सांगू शकणारी माणसं आहेत तोवरच होण्यासारखं आहे.

आणि वहिनी, तुमच्या आईंना हे सगळं समजलं की नाही, ते मला जरूर कळवा.